खांबेट्यांची न वाजलेली टाळी

अमेरिकेत, वूस्टरजवळच्या श्रूजबरीला खांबेटेकाकांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलेल्या माणसाची जेवणानंतर लगेच सुटका नसे. शरयूकाकू मागचं आवरायला लागल्या की काका त्याला तळघरात नेत. तळघरात घर तापवायची भट्टी, कपडे धुवायचं यंत्र, कपडे वाळवायचं यंत्र आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याइतक्याच मानाने, काकांचा स्टिरिओ. पाहुण्याला वाटे, आता काहीतरी शास्त्रीय ऐकायला मिळणार. तो मांडी घालून बसे. काका एक छोटीशी, मध्ये मोठं भोक असलेली तबकडी काढत, शर्टाच्या टोकाने पुसत आणि लावत. मग तीन अमेरिकन मुली एका लॉन्ड्रोमॅटबद्दल गायला लागत.

काका उभेच राहत. पहिलं कडवं जाई, दुसरं जाई. तिसऱ्या कडव्यात काका तर्जनी वर करत.

"ऐकलंत?"

"काय?"

"आत्ता काही ऐकू आलं?"

"नाही बुवा."

"तो मी," काका म्हणत आणि सुई उचलून ठेवत.

माझ्यावर हा प्रयोग १९८१ साली झाला. मी नागपूरहून वूस्टरला एम.एस. करायला येऊन जेमतेम महिना झाला होता. मी "वा" म्हणालो, कारण वर अजून श्रीखंड शिल्लक होतं. पण परत जाताना मनात आलं, की इथली थंडी माणसाला हळूहळू असं करत असावी, आणि आपणही दहा-पंधरा हिवाळ्यांनंतर कुणाला तरी तळघरात नेऊ.

एरवी खांबेटेकाका अगदी सरळ माणूस. वूस्टरच्या एका कारखान्यात इंजिनियर, रोज सकाळी सात वाजता डबा घेऊन जायचे. गाडी वेगमर्यादेच्या पाच मैल आत चालवायचे. खोटं बोलायला लागणारी कल्पनाशक्ती त्यांच्यात नव्हती. म्हणूनच ही एक गोष्ट ते इतक्या ठामपणे का सांगतात, ते कुणाला कळत नसे.

त्यांची हकिकत अशी होती.

१९६३ साली काका फिलाडेल्फियाला शिकत होते. एका मोटारींच्या गॅरेजच्या वर त्यांची खोली होती. गॅरेजच्या मागच्या अर्ध्या भागात कुणीतरी रेकॉर्डिंगचा धंदा थाटला होता. भिंतींवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठोकलेले, आणि दोन मायक्रोफोन. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी काकांच्या खोलीतला हीटर बंद पडला. सोमवारी परीक्षा होती, आणि खालून एकच गाणं अकराव्यांदा वर येत होतं. काका कोट, मफलर आणि माकडटोपी घालून दोन्ही गोष्टींची तक्रार करायला खाली गेले.

खाली द कॅरमलेट्स होत्या. अर्नेस्टीन ही मुख्य गाणारी, तिच्या मागे व्हर्नेल आणि पर्ल. तिघींत सगळ्यात थोरली वीस वर्षांची. गाणं होतं 'सॅटर्डे अ‍ॅट द लॉन्ड्रोमॅट'. त्यातली मुलगी दर शनिवारी लॉन्ड्रोमॅटमध्ये, म्हणजे पैसे टाकून कपडे धुवायच्या दुकानात, जाऊन बसते, कारण तो तिथे कपडे धुवायला येतो. तिच्याकडे धुवायला काही उरलेलं नाही, ती स्वच्छ टॉवेल पुन्हा धुते आहे. पुढे त्याच्या शर्टावर तिला परकी लिपस्टिक दिसते, आणि यंत्र मात्र फिरतच राहतं. (शरयूकाकूंचं या गाण्याबद्दलचं मत: "विषय घरगुती आहे. पण टॉवेल फुकट धुणं मला पटत नाही.")

अडचण टाळीची होती. गाणं बसवणाऱ्या जाडजूड गृहस्थाला, धुण्याचं यंत्र धप्प करतं तशी, दर चार मात्रांनी एक टाळी हवी होती. टाळ्या वाजवायला त्याने मिळतील ती माणसं उभी केली होती. गॅरेजचे दोन मेकॅनिक, पाव पोचवायला आलेला एक ड्रायव्हर आणि अर्नेस्टीनची मावशी. मेकॅनिकांच्या हातांना ग्रीस असल्यामुळे त्यांची टाळी निसटत होती. ड्रायव्हरला घाई होती, ती टाळीतही ऐकू येत होती. काकांनी तक्रारीसाठी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या गृहस्थाने विचारलं, "टाळी वाजवता येते का?"

हा प्रश्न त्र्यंबक खांबेट्यांना विचारायला नको होता. लहानपणी रत्नागिरीला त्यांना गाण्याच्या क्लासात घातलं होतं. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी आवाज नसल्याचा निकाल दिला. पण वडिलांशी ओळख असल्यामुळे घालवून देता येईना. मग बाकीची मुलं गात असताना त्र्यंबकने हाताने ताल धरायचा, असं ठरलं. पाच वर्षं त्यांनी तीनताल धरला. सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, आणि नवव्या मात्रेला खाली. खाली म्हणजे तिथे टाळी वाजवायची नाही, हात उलटा करून तळवा आकाशाकडे सोडून द्यायचा. पाच वर्षांत ती नववी मात्रा त्यांच्या मनगटात घर करून राहिली.

"पहिलं कडवं मी मनाला बजावून वाजवलं," काका सांगत. "म्हटलं, त्र्यंबक, ही अमेरिका आहे, इथे सरसकट टाळी. दुसरंही निभावलं. तिसऱ्याला ती अर्नेस्टीन असं काही गायली, की माझे डोळे मिटले. आणि हात उलटा झाला."

इतपत झालं असतं तरी चाललं असतं. पण काकांचा ठेका पक्का म्हणून त्यांना सगळ्यांच्या पुढे उभं केलेलं होतं, आणि बाकीचे चौघे त्यांच्याकडे बघून वाजवत होते. पुढचा माणूस इतक्या अधिकाराने हात उलटा करतो आहे म्हणजे तशीच सूचना असणार, असं समजून दोन मेकॅनिक, एक ड्रायव्हर आणि एक मावशी यांनीही आपापले तळवे गॅरेजच्या छताकडे केले. टाळी आलीच नाही. त्या रिकाम्या जागेत अर्नेस्टीनचा एकटा आवाज लोंबकळत राहिला. मग तेराव्या मात्रेला सगळे पुन्हा टाळीवर आले. गाणं बसवणारा ओरडायच्या आत गॅरेजचा मालक आला. त्याला गाडी आत घ्यायची होती, पुन्हा गायला वेळ उरला नाही. म्हणून तीच रेकॉर्ड बाजारात गेली.

ती बरीच चालली. फार नाही, पण त्या वसंतात फिलाडेल्फियाच्या हॉटेलांमधून ती वाजत असे. तबकडीवर तिघींचं नाव होतं, गाणं लिहिणाऱ्याचं होतं. टाळीवाल्यांची नावं कुणी छापत नाही, आणि न वाजवलेल्या टाळीचं तर नाहीच नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा पुढे झाला, आणि तो सांगलीला झाला.

१९६५ साली काका लग्न करायला भारतात गेले. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात, पोहे झाल्यावर, मुलीच्या वडिलांनी विचारलं, "तिकडे अभ्यासाखेरीज काही छंद?" काका म्हणाले, "माझं एका रेकॉर्डमध्ये काम आहे." सांगलीच्या माणसांना गाण्याचं भारी वेड. जावई अमेरिकेत रेकॉर्डवर आहेत ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली. इंजिनियर वगैरे सगळं मागे पडलं. साखरपुड्याला ग्रामोफोन मागवला, पन्नास-साठ माणसं जमली आणि काकांनी बरोबर नेलेली तबकडी लागली. तीन मुली गायल्या. गाणं संपलं. शेवटी काकूंच्या आत्याने विचारलं, "यांतले जावई कोणते?"

काकांनी खुलासा केला. खुलाशानंतर परिस्थिती आणखी वाईट झाली.

लग्न झालं, कारण पत्रिका छापून झाल्या होत्या. पण आपल्या नवऱ्याने आपल्याला बघायला आल्यावर पहिल्याच वाक्यात फसवलं, ही गोष्ट शरयूकाकूंच्या मनातून गेली नाही. बाकी त्यांची काही तक्रार नव्हती. एकवीस वर्षं दोघांचं छान चाललं होतं. मात्र काका तळघराच्या दाराकडे वळले, की काकू भांड्यांचा आवाज थोडा वाढवत.

"काकू, तुम्हाला खरंच पटत नाही?" मी एकदा विचारलं.

"अरे, वाजवली असती तर पटवून घेतलं असतं. वाजवलीच नाही म्हणतात. आता नाही वाजवलेली टाळी कुणाचीही असू शकते. ती माझीसुद्धा असेल. मीही त्या दिवशी सांगलीत बसून वाजवली नव्हतीच की."

काका मला एकदा गाडीत म्हणाले, "जगाने नाही मानलं तरी चालेल रे. हिने एकदा म्हणावं, की हो, होतात तुम्ही तिथे. बास." एवढं बोलून ते पाच मैल कमी वेगाने एक्झिट चुकवून पुढे गेले.

आमच्या मराठी मंडळातही त्यांची बाजू कमकुवत होती, आणि याला कारण जगन्नाथराव. जगन्नाथराव मिराशी हे आमच्या मंडळाचे एकमेव तबलजी. व्यवसायाने दातांचे डॉक्टर, त्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडायला लोक आधीच बिचकत. त्यांनी जाहीर केलं होतं, की खांबेट्यांना तालच नाही. पुरावा आरतीत मिळे. सगळे एका दमात टाळ्या वाजवताहेत आणि खांबेटे मध्येच हात उलटा करून गप्प. शेजारच्या दोघांचं चुकायचं, मग त्यांच्या शेजारच्यांचं, आणि दोन ओळींत आरती दोन पक्षांत विभागली जायची. भाषणानंतरच्या टाळ्यासुद्धा काका तीनतालात वाजवत. शेवटी मंडळाने न लिहिता ठराव केला, की आरतीच्या वेळी खांबेट्यांच्या दोन्ही हातांत काहीतरी देऊन ठेवायचं. एका वर्षी प्रसादाचं पातेलं होतं. पुढच्या वर्षी कुणाचं तरी बाळ होतं.

"ताल नसलेला माणूस रेकॉर्डवर कसा जाईल हो?" जगन्नाथराव म्हणत.

"ताल आहे म्हणूनच हात उलटा होतो," काका म्हणत.

"आरतीत कुठली आली खाली?"

"मनगटाला सांगा."

असं हे पाच वर्षं मी ऐकत होतो. मग १९८६ च्या जुलैमध्ये सुनेत्रा सुट्टीसाठी घरी आली. सुनेत्रा काकांची एकुलती एक मुलगी, तेव्हा एकोणीस वर्षांची. कॉलेजच्या रेडिओवर आठवड्यातून एकदा गाणी लावायची. तिने सकाळी पेपर उघडला आणि म्हणाली, "बाबा, युअर गर्ल्स आर कमिंग."

गावाबाहेरच्या जत्रेच्या मैदानावर शनिवारी दुपारी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. पाच-सहा नावांच्या यादीत शेवटचं नाव द कॅरमलेट्स.

काकांनी चहा खाली ठेवला. त्यांना आनंद झालेला दिसत नव्हता, परीक्षेला बसायचं असल्यासारखे दिसत होते. काकू म्हणाल्या, "जाऊ या ना. एकदाचं विचारून टाका त्यांना. म्हणजे माझं तरी डोकं शांत होईल." त्या आवाजावरून त्यांना कुठलं उत्तर अपेक्षित होतं ते कळत होतं.

शनिवारी काकांच्या स्टेशन वॅगनमध्ये आम्ही पाच जण होतो. काका, काकू, सुनेत्रा, मी आणि जगन्नाथराव. जगन्नाथराव तज्ज्ञ म्हणून आले होते. निदान ते तसं सांगत होते. मैदानावर पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा तळलेल्या पिठाच्या, वर पिठीसाखर भुरभुरवलेल्या जाळीदार केकची प्लेट घेतली आणि मग तज्ज्ञपणा सुरू केला. दातांच्या डॉक्टरने ते खाताना बघणं हा वेगळा करमणुकीचा कार्यक्रम होता. काकूंनी कोथिंबीरवड्या आणल्या होत्या. काकांनी एकही घेतली नाही. तबकडी त्यांनी पाकिटासकट दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

स्टेजवर तिघी आल्या. चमचमत्या केशरी झग्यात. मधली चाळिशी ओलांडलेली, भरदार. बाजूच्या दोघी फार तर पंचविशीच्या.

"या दोघी लहान दिसतात," काकू म्हणाल्या. "तुम्ही गेलात तेव्हा या दोन वर्षांच्या असतील."

"काकू, ओल्ड ग्रुप्सचं असंच असतं," मी म्हणालो. "मूळची एखादीच उरते."

तसंच निघालं. मधली व्हर्नेल. तिने माइकवर सांगितलं, की अर्नेस्टीन आता फक्त चर्चमध्ये गाते, पर्ल फ्लोरिडात आजीपण करते आहे, आणि या दोघी माझ्या भाच्या. काकांचा चेहरा उतरला. तीन साक्षीदारांपैकी एकच उरली होती.

लॉन्ड्रोमॅटचं गाणं शेवटी आलं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. काकांच्या हातात तबकडी, त्यामुळे ते वाजवू शकत नव्हते. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या कडव्यात बँड एकदम थांबला आणि तिघींनी, एका वेळी, उजवा हात उलटा करून तळवा आकाशाकडे सोडून दिला. चार मात्रांनी बँड पुन्हा सुरू झाला.

जगन्नाथरावांचा घास हातातच राहिला. पिठीसाखर शर्टावर सांडत होती, त्यांना पत्ता नव्हता.

"खाली," ते म्हणाले. "अहो, ही बाई खाली दाखवतेय."

"डास हाकलला असेल," काकू म्हणाल्या.

"तिघींनी एकदम? नवव्या मात्रेला?"

"एकीला चावला की बाकीच्या सावध होतात."

"शरयूवहिनी, मी चाळीस वर्षं तबला वाजवतोय. ती खाली आहे. रत्नागिरीची खाली आहे ती. हात बघा, कोपर बाहेर काढून. तिकडच्या मास्तरांची तीच खोड." मग ते काकांकडे वळले. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण ते फक्त म्हणाले, "खांबेटे, केक घ्या."

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या बाजूला सह्या घेणाऱ्यांची रांग लागली. आम्ही तिच्यात उभे राहिलो. पुढचा माणूस हलला की काका तेवढेच पुढे सरकत होते. शेवटी एका घडीच्या टेबलामागे बसलेल्या व्हर्नेलबाईंच्या समोर आमचा नंबर आला. काकांनी तबकडी पुढे ठेवली.

"मॅडम," काका म्हणाले, "या रेकॉर्डिंगच्या वेळी मी तिथे होतो. टाळी माझी आहे. म्हणजे, तिसऱ्या कडव्यातली. नसलेली."

व्हर्नेलबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"नाही हो," त्या प्रेमाने म्हणाल्या. "ती तर प्लंबरची."

"कोण प्लंबर?"

"हीटर दुरुस्त करायला आला होता. पोर्तो रिकोचा. डोक्याला काहीतरी लोकरीचं गुंडाळलेलं, चेहऱ्याचं नाक तेवढं बाहेर. त्याने असा हात केला, आम्हाला इतका आवडला, की आम्ही तो नाचातच घेतला. तेवीस वर्षं मी सगळ्यांना त्या प्लंबरची गोष्ट सांगते आहे. मुलाखतींत सांगते."

"तो मीच," काका म्हणाले. "हीटर बंद असल्याची तक्रार करायला आलो होतो."

"प्रत्येक गावात एक जण तरी येतो बरं का, तो प्लंबर मीच म्हणून," व्हर्नेलबाई म्हणाल्या. "मागे एकजण स्वीडनचा होता." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "असं करा. मी म्हणते, तुम्ही वाजवा."

आता काकांची बाजू मनगटाने सांभाळायची होती. व्हर्नेलबाई हळूच तिसरं कडवं गुणगुणू लागल्या. काका टाळी वाजवू लागले. पहिली. पाचवी. मी त्यांच्याकडे पाहत होतो, काकू पाहत होत्या, जगन्नाथराव ओठ हलवून मात्रा मोजत होते. आणि नवव्या मात्रेला काकांनी, तेवीस वर्षांत पहिल्यांदाच, खणखणीत टाळी वाजवली.

"अरे देवा," जगन्नाथराव म्हणाले.

"सगळे बघत होते," काका पुटपुटले. "मला वाटलं, लोकांत चुकायला नको."

व्हर्नेलबाईंनी सांत्वन केल्यासारखी मान हलवली आणि सहीसाठी पेन उचललं. आमच्या मागच्या माणसाने घसा साफ केला. काकांनी तबकडीकडे पाहिलं आणि ती परत घ्यायला हात पुढे केला.

तेव्हा काकू पुढे आल्या. काकू इंग्रजी क्वचित बोलत, पण बोलल्या की समोरच्याला उभं राहून उत्तर द्यावंसं वाटे.

"वन मिनिट. दॅट प्लंबर. व्हॉट ही वॉज ईटिंग?"

"काय?"

"खायला काय दिलं होतं त्याला? तुम्ही लोकांनी काहीतरी दिलंच असेल. सकाळची वेळ होती ना."

व्हर्नेलबाई हसायला लागल्या. "खाणं? अहो, ते कसं विसरेन. त्याला हॅमचं सँडविच दिलं. त्याने पाव उचलून आत पाहिलं, दोन पेन्सिली घेतल्या, ऑपरेशन करावं तसं हॅम बाहेर काढलं, कागदाच्या घडीत बांधलं आणि पाववाल्या ड्रायव्हरला नमस्कार करून दिलं. मग नुसता पाव मोहरीच्या चटणीशी खाल्ला. पण खरी गंमत सोड्याची. बाटली त्याने ओठांना लावलीच नाही. मान मागे टाकली, बाटली हातभर उंच धरली आणि वरून धार सोडली. सोडाच तो, फसफसून नाकात गेला, तिथून मायक्रोफोनवर. पर्ल हसता हसता जमिनीवर बसली. पंधरा मिनिटं काम बंद. मी आयुष्यात दुसरा माणूस असा पिताना पाहिलेला नाही."

काकूंनी सावकाश वळून नवऱ्याकडे पाहिलं.

काका विमानातसुद्धा वरून पीत. सुनेत्राच्या शाळेतल्या समारंभात त्यांनी मुख्याध्यापकांच्या देखत टायवर फळांच्या रसाचा पंच ओतून घेतला होता. या एका सवयीपायी काकूंनी एकवीस वर्षांत किती शर्ट भिजत घातले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

"तुम्ही होतात तिथे," काकू म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले.

"मग सोड्याचं आधी का नाही सांगितलंत? सांगलीत एवढं सांगितलं असतं तरी आमच्या माणसांनी ओळखलं असतं. लग्नाच्या पंगतीत वरून मठ्ठा प्यायलात, आत्याच्या नव्या शालूवर. टाळी टाळी काय करत बसलात."

"सोड्याचं सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

"काय आहे म्हणजे? आणि प्लंबर कसले." त्या व्हर्नेलबाईंकडे वळल्या. "ही इज नॉट प्लंबर. ही इज बी.ई. सिव्हिल, एम.एस. प्लीज करेक्ट. मुलाखतींत सुद्धा."

व्हर्नेलबाई एव्हाना उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी टेबलावरून वाकून काकांचे दोन्ही हात धरले आणि हलवले, खूप वेळ हलवले. भाच्यांना हाक मारली. "मुलींनो, हा बघा तो प्लंबर. इंजिनियर आहे म्हणे." भाच्यांनी त्यांना पाहून हात उलटा केला. काकांनी उत्तरादाखल हात उलटा केला. या वेळी बरोबर झाला. रांगेतल्या लोकांनाही काहीतरी मोठं घडतंय असं वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि जगन्नाथराव, साखरेने पांढरेशुभ्र झालेले, त्या टाळ्यांचा ठेका दुरुस्त करू लागले.

"आता मी पाकिटावर नीट लिहून देते," व्हर्नेलबाई म्हणाल्या. त्यांनी तबकडी काढून काकांच्या हातात दिली आणि पेन घेऊन काकूंना विचारलं, "यांचं नाव काय?"



सुनेत्राने मला कोपराने ढोसलं. तिने लहानपणापासून आईला बाबांना "अहो" म्हणतानाच ऐकलं होतं. बँकेत "मिस्टर खांबेटे", शाळेत "सुनेत्राचे फादर". नाव म्हणून नाही. सुनेत्रा सांगायला पुढे झाली तर काकूंनी तिला हाताने थांबवलं. पदर खांद्यावरून पुढे ओढला. वूस्टरजवळच्या जत्रेच्या मैदानावर, पाळणा गरगरत असताना आणि मक्याच्या लाह्यांचा वास येत असताना, त्या सरळ व्हर्नेलबाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या,

"तिघी गातात गाणं, मशीन फिरतं गरागरा,
त्र्यंबकराव गप्प राहिले, तोच ठेका खरा."

"वा," जगन्नाथराव म्हणाले, आणि यात काही खोट काढायची ते विसरले.

काका तबकडीच्या मधल्या भोकाकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

व्हर्नेलबाईंनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा पाकिटाकडे. पाकीट सात इंचाचं, त्यात तिघींचा फोटो, मोकळी जागा दोन बोटांची.

"हे सगळं नाव?" त्यांनी विचारलं.

"नाही," सुनेत्रा म्हणाली. मग तिने आईकडे पाहिलं. "सगळं नाही. पण तुम्ही सगळंच लिहा. आय विल स्पेल इट फॉर यू."